कळ दाबली, पण कळलं का?

आपल्या मराठीत 'कळ' या शब्दाची मोठी गंमत आहे. बोटाने दाबतो ती कळ, पोटात येते ती कळ, आणि दोघांमध्ये भांडण जुंपवायला लावतात तीही कळच. शिवाय 'कळणं' हे क्रियापद आहेच. कीबोर्डला आपण 'कळफलक' असा भारदस्त शब्द केला, पण फलकावरची कळ दाबली जाणं आणि ती समोरच्या प्रोग्रॅमला कळणं, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. डेस्कटॉपवर चालणारे प्रोग्रॅम लिहिणं हा गेली वीसेक वर्षं माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे हा फरक मला पुस्तकांतून ठाऊक होता. त्याचं खरं मोल मात्र आईमुळे समजलं.

आई १९७४ ते २००६ अशी बत्तीस वर्षं एका तहसील कचेरीत मराठी टंकलेखक होती. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन आधी मिनिटाला तीस आणि मग चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेली. सातबाऱ्याचे उतारे, नोटिसा, दुष्काळी कामांचे हिशेब, साहेबांच्या बदलीचे हुकूम, सगळं तिच्या बोटांखालून गेलं. मान कागदाकडे, बोटं मशीनवर, आणि तोंडाने शेजारच्या बाईंशी गप्पा, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबा गेल्यावर २०१७ मध्ये ती आमच्याकडे मिशिगनला कायमची राहायला आली. इथला हिवाळा म्हणजे चार-पाच महिने घरात कोंडून घेणं. "वेळ जात नाही, जुन्या आठवणी लिहून काढते," असं ती स्वतःहूनच म्हणाली. हाताने लिहिणं तिला जमेना, कारण वयोमानाने उजवा हात थरथरतो. मी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं, मराठी कीबोर्ड चालू करून दिला आणि निर्धास्तपणे कामाला लागले.

आठवड्याने पाहिलं तर पान कोरं. ती म्हणाली, "अगं, माझी बोटं इथे येऊन अडाणी झाली."

बत्तीस वर्षं ज्या बोटांनी सरकार चालवलं, त्या बोटांना अडाणी म्हणायची पाळी का यावी? याचं उत्तर शोधायचं तर एक कळ दाबल्यावर पडद्यामागे काय घडतं, ते पाहायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे कीबोर्डला अक्षरं माहीतच नसतात. कळेवर छापलेलं अक्षर तुमच्या-आमच्यासाठी आहे. कीबोर्डच्या पोटातली छोटी चिप फक्त 'अमुक जागेची कळ खाली गेली' आणि 'अमुक जागेची कळ वर आली' एवढंच सांगते, तेही आकड्यांत. १९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीवर 'ए'च्या जागेची कळ दाबली की ३० हा आकडा जायचा, आणि सोडली की त्यात १२८ मिळवून १५८. म्हणजे एका कळेच्या दोन घटना, दाबणं आणि सोडणं.

हे आकडे पुढे ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातात. विंडोजचं उदाहरण घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तेच आहे. विंडोजचं काम टपाल खात्यासारखं चालतं. पडद्यावर दहा खिडक्या उघड्या असल्या तरी कळेचं पत्र फक्त एकाच पत्त्यावर जातं. ज्या खिडकीकडे त्या क्षणी 'फोकस' आहे तिथेच. प्रत्येक प्रोग्रॅमच्या दारात टपालपेटी असते, तिला आम्ही मेसेज क्यू म्हणतो. प्रोग्रॅम एकेक पत्र काढतो, वाचतो, त्याप्रमाणे काम करतो आणि पुढचं पत्र काढतो. प्रोग्रॅम दुसऱ्या कामात अडकला तर पत्रं पेटीत साचतात. म्हणून कधी कधी आपण टाइप करत राहतो, पडद्यावर काही उमटत नाही, आणि मग एकदम सगळी अक्षरं धबाधबा येऊन पडतात.

आता खरी मेख. पेटीत येणारी पत्रं दोन जातींची असतात. एक 'कीडाऊन', म्हणजे अमुक कळ दाबली गेली. दुसरं 'चार', म्हणजे अमुक अक्षर तयार झालं. कळेचं पत्र वाचून, कोणता कीबोर्ड निवडला आहे, शिफ्ट दाबलेली आहे का, हे बघून विंडोज अक्षराचं पत्र तयार करतं आणि पेटीत टाकतं. इंग्रजी लिहिताना एक कळ आणि एक अक्षर अशी जोडी बहुधा जमते. त्यामुळे पुष्कळ प्रोग्रॅमरांना ही दोन पत्रं एकच वाटतात. मराठीत मात्र ही जोडी मोडते.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय भाषांसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाची कळांची मांडणी ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. त्या मांडणीत 'कीर्ती' लिहायला सहा कळा लागतात. क, दुसरी वेलांटी, र, हलन्त, त, दुसरी वेलांटी. डोळ्यांना अक्षरं दिसतात दोनच. उलट 'क्ष'साठी शिफ्ट आणि सात एवढी एकच कळ पुरते, पण त्या एका कळेतून क, हलन्त आणि ष असे तीन संकेत निघतात. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला जागा मिळाली, आणि अक्षरांचा क्रम १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतावर बेतला गेला. या सगळ्याचं मूळ तत्त्व एकच आहे. अक्षर दिसतं कसं त्या क्रमाने नव्हे, तर उच्चारतो त्या क्रमाने साठवायचं. तत्त्व उत्तम आहे. शोध घेणं, अकारविल्हे लावणं, सगळं त्यामुळे सोपं झालं.

पण आईची बोटं नेमकी उलट्या तत्त्वावर तयार झाली होती. टाइपरायटर कागदावर डावीकडून उजवीकडे ठसे मारत जातो. त्याला उच्चाराशी कर्तव्य नाही. 'कि' लिहायचं तर पहिली वेलांटी आधी, क नंतर. ख, ध, भ, श अशी काही अक्षरं तिच्या मशीनवर अख्खी नव्हतीच. आधी अर्धं अक्षर मारायचं आणि मग काना देऊन ते पूर्ण करायचं. 'स्थिती' हा शब्द घ्या. आई आधी पहिली वेलांटी मारणार, मग अर्धा स, मग अर्धा थ, मग थ पूर्ण करणारा काना, मग त आणि दुसरी वेलांटी. युनिकोडला मात्र हवं स, हलन्त, थ, मग पहिली वेलांटी, मग त आणि दुसरी वेलांटी. सत्तरी गाठलेल्या बाईला "आता सगळं उलटं शिक" म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला हात-पाय बदलून पोह म्हणण्यासारखं आहे.

टाइपरायटरची मांडणी देणारी तयार साधनं आहेत, तीही आम्ही वापरून पाहिली. क्रमाचा प्रश्न थोडाफार सुटला, पण थरथरत्या हाताचा सुटेना. एकदा क मारला की पडद्यावर 'ककककक'. कारण टाइपरायटरची कळ कितीही वेळ दाबून ठेवा, ठसा एकच उमटतो. कॉम्प्युटरची कळ दाबून ठेवली की थोड्या वेळाने तेच पत्र पुन्हा पुन्हा येऊ लागतं. आणि हात थरथरला की बोट कळेवरून किंचित उठून परत टेकतं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी नवी कळ.

शेवटी २०१८ च्या जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, मी आईसाठी एक लहानसा प्रोग्रॅम लिहायला घेतला. एक खिडकी, मोठी अक्षरं, बाकी काही नाही. मेनू नाही, बटणं नाहीत. सगळं लक्ष कळेवर.

आधी दोन संध्याकाळी मी कोड लिहिलाच नाही. फक्त तिची प्रत्येक कळ कधी खाली गेली आणि कधी वर आली, याची नोंद ठेवणारा एक तुकडा चालू केला आणि तिला म्हटलं, "तुला हवं ते टाइप कर, चुकलं तरी थांबू नकोस." तिने 'प्रति, मा. तहसीलदार साहेब' असा अर्ज टाइप केला. सवय!

त्या नोंदींत बरंच काही सापडलं. लांबलेल्या कळांचा प्रश्न सोपा होता. कीडाऊनच्या पत्रातच एक खूण असते, की ही कळ आधीपासून खालीच होती का. होती, तर ते पत्र आम्ही फाडून टाकतो. फक्त बाणाच्या कळांना सवलत.

थरथरीचा प्रश्न जास्त नाजूक निघाला. तीच कळ लगेच पुन्हा आली तर दुर्लक्ष करायचं, हा नियम वरवर ठीक वाटतो. पण तिच्या मशीनच्या रीतीने 'भाषा' हा शब्द लिहून पाहा. अर्धा भ, तो पूर्ण करणारा काना, मग 'भा'चा काना. अर्धा ष, पुन्हा काना आणि काना. म्हणजे 'भाषा' लिहायची तर कान्याची कळ लागोपाठ दोनदा दाबावीच लागते! सरसकट नियम लावला असता तर भाषाच गेली असती. नोंदींनीच वाट दाखवली. थरथरीमुळे आलेली दुसरी कळ पहिली सुटल्यावर पन्नास-साठ मिलिसेकंदांत यायची, आणि आईने मनापासून मारलेला दुसरा काना साधारण पाव सेकंदाने. दोन्हींच्या मधे १२० वर मी रेघ मारली. ही रेघ कुठल्या पुस्तकात नाही. ती एका बाईच्या उजव्या हाताची आहे.

वेलांटीसाठी प्रोग्रॅमला थोडा धीर धरायला शिकवलं. पहिली वेलांटी आली की ती हातात धरून ठेवायची, पुढची अर्धी अक्षरं येऊ द्यायची, आणि पूर्ण अक्षर झालं की त्याच्या मागे नेऊन ठेवायची. पण तेवढा वेळ पडद्यावर काय दाखवायचं? काहीच उमटलं नाही तर माणसाला वाटतं, मशीन अडकलं, आणि तो पुन्हा कळ दाबतो. म्हणून वेलांटी आली की लगेच फिकट रंगात दिसते, आणि अक्षर जुळलं की काळी होते. कळ दाबणाऱ्याला पोच तत्काळ मिळायला हवी, मग अर्थ लागायला थोडा उशीर झाला तरी चालतो.

बॅकस्पेसची तऱ्हा आणखी निराळी. टाइपरायटरवर ती कळ काही पुसत नाही, नुसतं मागे नेते. विंडोजवर देवनागरी लिहिताना ती साधारणपणे शेवटचा एक संकेत खोडते, जोडाक्षर अख्खं नाही. आईच्या मनातला हिशेब साधा होता, "मी शेवटी जे मारलं ते परत घे." म्हणून प्रोग्रॅम नुसती अक्षरं नाही, तिच्या कळांची यादीही जवळ ठेवतो, आणि बॅकस्पेसला शेवटची कळ परत घेतो.

र आणि य यांच्या जोडीवर आमची एक संध्याकाळ छान गेली. ती स्वतःच्या लग्नातल्या जेवणाबद्दल लिहीत होती. 'आचाऱ्यांनी' लिहिताना र वेगळ्या तऱ्हेने मोडावा लागतो. युनिकोडमध्ये त्यासाठी टिंबवाला ऱ वेगळा ठेवला आहे. साधा र घेतला तर होतं 'आचार्यांनी', आणि मग जिलब्या तळायला साक्षात गुरुवर्य बसतात. आईने त्या शब्दाकडे चष्म्यातून बघून विचारलं, "तुझ्या प्रोग्रॅमला हे ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं.

एकदा मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी अतिउत्साहाने घात केला. आई भराभर टाइप करत असताना कुठल्याशा कंपनीच्या प्रोग्रॅमने मधेच स्वतःची चौकट पुढे आणली, 'आता रीस्टार्ट करू का?' फोकस तिकडे गेला. आईची पुढची कळ होती स्पेस, आणि चौकटीने तिला होकार समजून मशीन बंद करायला घेतलं. लिहिणाऱ्याच्या हातातली लेखणी अशी हिसकावून घ्यायची नसते, हा साधा शिष्टाचार झाला. आमचं काही गेलं नाही, कारण प्रत्येक कळेची नोंद लगोलग डिस्कवर जात होती, आणि तीही वेगळ्या धाग्यावर, म्हणजे टाइप करणाऱ्याला खोळंबा नको.

हाच शिष्टाचार नोकरीतही किती दुर्मिळ आहे, ते मी पाहिलं आहे. एका क्लायंटकडे कर्मचाऱ्यांच्या नोंदणीचा प्रोग्रॅम होता. त्याचा लिहिणारा फक्त कीडाऊन ऐकायचा, आणि ए ते झेडखेरीज येईल ते फेकून द्यायचा. तिथल्या एका जपानी सहकाऱ्याला स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत लिहिता येईना. जपानी लिहिताना कळा आधी 'इनपुट मेथड' नावाच्या मध्यस्थाकडे जातात, आणि प्रोग्रॅमला त्या वेळी कीडाऊनमध्ये २२९ एवढाच आकडा दिसतो. त्याचा अर्थ 'जरा थांब, अक्षर तयार होतंय'. हा प्रोग्रॅम थांबायला तयार नव्हता. कीडाऊन ऐकणं वाईट नाही. खेळात उडी मारायची असेल तर तेच ऐकावं, आणि आईच्या प्रोग्रॅममध्ये मीही तेच ऐकते, कारण तिच्या बोटांना जागा पाठ आहेत. पण माणूस आपलं नाव लिहीत असेल तर तयार झालेल्या अक्षराची वाट पाहावी. आधी विचारायचं, की समोरचा माणूस काय करतो आहे. कुठलं पत्र उघडायचं ते त्यावर ठरतं.

तुमच्या घरी सहा महिन्यांसाठी आई-वडील किंवा सासू-सासरे येत असतील, तर प्रोग्रॅम न लिहिताही थोडं करता येतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडता येतो. कळ दाबून ठेवल्यावर पुन्हा उमटायला लागणारा वेळ वाढवता येतो. 'फिल्टर कीज' नावाची सोय लांबलेल्या आणि चुकून दोनदा लागलेल्या कळा गाळते. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवली की ती चालू करण्याबद्दल मशीन विचारतं. 'स्टिकी कीज' चालू असली तर शिफ्ट आणि दुसरी कळ एकदम दाबावी लागत नाही, एकामागून एक दाबली तरी चालतं. आमच्याकडे त्याच मशीनवर लेकीचा अभ्यासही चालतो आणि तिचा हात वाऱ्यासारखा, म्हणून आजीचे नियम आजीच्या खिडकीपुरतेच ठेवले.

शेवटची भर आईच्या मागणीवरून घातली. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटा वाजायची, तिची तिला चुकल्यासारखं वाटत होतं. आता उजवी कड जवळ आली की आमच्या बेसमेंटमधून 'टिंग' ऐकू येतं, आणि आई एंटर मारते. तो एंटर ओळीचा की परिच्छेदाचा, हेही प्रोग्रॅम ओळखतो. एकदा मारला तर ओळ, दोनदा मारला तर परिच्छेद.

आजवर तिची दोनशेच्या वर पानं झाली आहेत. त्यातलं एक प्रकरण १९७२ च्या दुष्काळाचं आहे. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका, मुलांना वाटली जाणारी सुकडी, आणि रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची. मंडळाच्या शाळेत मराठी शिकलेली माझी लेक एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. मिलोपाशी थांबून तिने विचारलं, "आजी, म्हणजे तू अमेरिकेत यायच्या आधीच अमेरिका तुझ्याकडे आली होती?" आजी म्हणाली, "हो, आणि तिची भाकरी होत नव्हती." मी तिच्या पोटची मुलगी, पण यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचं टाइप करणाऱ्या बाईने स्वतःचं म्हणून लिहिलेलं हे पहिलंच.

पेशाने मी इतकी वर्षं 'युजर'साठी प्रोग्रॅम लिहीत आले. युजर म्हणजे ज्याचा हात थरथरत नाही, जो इंग्रजीत विचार करतो, आणि ज्याला नवं शिकायला कायम वेळ असतो. असा माणूस माझ्या ओळखीत तरी नाही. यंत्राला शिकवायला एक जानेवारी पुरला. आईच्या बोटांनी जे बत्तीस वर्षांत कमावलं, ते पुसून पुन्हा शिकायला तिच्याजवळ तेवढी वर्षं नव्हती.

हा प्रोग्रॅम कुणाला हवा असेल तर मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठा, आनंदाने देईन. फक्त त्यातली ती १२० ची रेघ माझ्या आईची आहे. तुमच्या घरच्या आजी-आजोबांना शेजारी बसवा, तासभर त्यांची बोटं बघा, आणि त्यांची रेघ त्यांच्यासाठी मारून घ्या.